ड्यूकची मान

१

सकाळची कॉफी पोटात गेली की मी लाकडी मोगरी घेऊन राजवाड्याच्या अंगणात जाते आणि पुतळ्यांना टकटक करते. पर्यटकांना हसू येतं. पण निरोगी दगड खणखणीत वाजतो आणि आतून सुटलेला दगड बद्द बोलतो, हे कळायला दुसरा स्वस्त उपाय नाही. सव्वीस वर्षं मी हेच करते आहे. वाल्बुर्गा श्टोयर, राजवाड्याच्या कार्यशाळेतली दगडकाम दुरुस्त करणारी. वय एक्कावन्न, लग्न नाही, गुडघे बरे.

अंगणाच्या मधोमध ड्यूक आन्सेल्म फिलिपचं स्मारक आहे. वर खुर्चीत ड्यूक, डोक्यावर कुरळ्या केसांचा भलामोठा टोप, गळ्यात दगडी लेस. खाली चार कोपऱ्यांवर चार बायका: चित्रकला, संगीत, काव्य आणि शिल्पकला. चौघींच्या माना वर वळलेल्या, चौघी त्याच्याकडे पाहतात. तो मात्र एकीकडेच पाहतो, शिल्पकलेकडे. कलावंतांचा पोशिंदा म्हणून त्याची ख्याती होती. त्याच्या दरबारची नोकरी सोडून कधी कुणी गेलं नाही, असं आमचे गाइड छाती फुगवून सांगतात.

तो आमच्या कलेकडे पाहतो याचा मला रोज थोडा आनंद व्हायचा. घरी बोलायला कुणी नसलं की माणूस असल्या गोष्टींवर जगतो.

गेल्या वर्षी जानेवारीच्या थंडीत शिल्पकलेचं डोकं पडलं. मानेला केसाएवढी चीर होती, तिच्यात पाणी शिरून गोठलं. पायरीवर पडलेले तुकडे गोळा करताना मी रडले. आणि रडता रडता मनात आलं, हे डोकं आता मी घडवणार. सव्वीस वर्षांत मी बोटं केली, वस्त्रांच्या चुण्या केल्या, पानं केली, एकदा एका कुत्र्याचा कान केला. चेहरा कधीच वाट्याला आला नव्हता.

२

"वाल्ली, डोकं टाबेआ करेल," नोटनागेल मास्टर म्हणाले. ते आमच्या कार्यशाळेचे प्रमुख. माझ्याकडे न पाहता चष्मा पुसत होते.

"तिला येऊन चार महिने झालेत."

"तिचा हात पाहिलास ना?"

"आणि माझा?"

"तुझा हात भरवशाचा आहे गं. भरवसा वेगळा, चेहरा वेगळा." मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "आणि हो, खिडकीजवळचं टेबल तिला दे. चेहऱ्याला उत्तरेचा उजेड लागतो."

ते टेबल सव्वीस वर्षं माझं होतं. तिथून सरळ स्मारक दिसायचं.

टाबेआ र्‍युब्झाम, वय एकोणतीस, आखूड केस, कानात पेन्सिल. आमच्याकडे थोराने स्वतः होऊन सुचवल्याशिवाय कामावर कुणी कुणाला अरेतुरे करत नाही. मास्टरांनी मला 'तू म्हण' असं सांगायला अकरा वर्षं घेतली होती. तिला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, तेही सूप पिता पिता. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मात्र ती इथे होती तोवर तिला 'अहो-जाहो'त ठेवलं, तिच्या तोंडी मी 'फ्राउ श्टोयर', म्हणजे श्टोयर बाई. तो एक हक्क माझ्याकडे उरला होता.

वाईट याचं की पोरगी चांगली होती.

"फ्राउ श्टोयर, तुम्ही तिला रोज पाहत होतात. ओठ कसे होते हो तिचे? फोटोत नीट कळत नाही."

"मिटलेले," मी म्हणाले.

"रागाने की समाधानाने?"

मला सांगता आलं नाही. सव्वीस वर्षं टकटक केली, पण ओठांकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं. टाबेआने मात्र तुकडे आणि फोटो जुळवून प्लास्टरचा नमुना केला, आणि त्या ओठांवर असं काही आणलं की मास्टर दहा मिनिटं त्यापुढून हलले नाहीत. माझ्या कुत्र्याच्या कानापुढे ते कधी दहा सेकंदही थांबले नव्हते.

३

नमुन्यावरून दगडात उतरवायचं ते मोजणीच्या चौकटीने. लाकडी चौकट, तिला पितळेची सुई. नमुन्यावर खिळे ठोकून केलेल्या तीन पक्क्या खुणा, दगडावर तशाच तीन खुणा. चौकट त्या तिन्हींवर टेकते, सुई सांगते किती खोल जायचं. तीनपैकी एक खूण हलली तर डोकं हुबेहूब होतं, पण मानेवर वळून बसतं. आणि मानेचा सांधा आधीच कापलेला असतो, म्हणून ही चूक डोकं खांद्यांवर चढेपर्यंत दिसत नाही. याच कारणाने आमच्याकडे नियम आहे: एकाने खुणा बसवायच्या, दुसऱ्याने तपासायच्या.

दुसरी मी होते.

दुपारी ती आणि मास्टर जेवायला गेले. त्या दिवशी लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे होते, वास अंगणापर्यंत येत होता. मी दगडाच्या तळाजवळची डावी खूण उपटली, सात मिलिमीटर पुढे बसवली, जुनं भोक दगडाच्या भुकटीने बुजवलं. हात जराही थरथरला नाही. मास्टर म्हणाले तेच खरं, भरवशाचा हात.

"तपासलंत?" टाबेआने परत आल्यावर विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणाले आणि वहीत सही केली.

४

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात डोकं चढवलं. शिसं ओतलं, पट्टे सोडले, आणि सगळे चार पावलं मागे सरकलो.

चेहरा अप्रतिम होता. पण तो ड्यूककडे पाहत नव्हता. बाकीच्या तिघी माना वर करून बसलेल्या, आणि ही मात्र अंगण ओलांडून आमच्या कार्यशाळेच्या खिडकीकडे पाहत होती.

"मी तीन वेळा मोजलं होतं," टाबेआ म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "फ्राउ श्टोयर, तुम्हीही पाहिलंत ना?"

"पाहिलं होतं. नंतर चौकटीला धक्का लागला असेल."

थंडी तोंडावर आली होती, आता काढणं शक्य नव्हतं. संध्याकाळी जिन्यात मास्टरांनी मला गाठलं. "ईस्टरला बदलू. नवं डोकं तू कर, वाल्ली. टेबलही परत घे." मी घरी जाऊन केकचे दोन तुकडे खाल्ले. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फेरीत मी परांचीवर चढले आणि ड्यूकच्या छातीवर टकटक केली. दगड छान वाजला. मग त्याच्या लेसवर पिवळट भुकटी दिसली. मी फुंकर मारली. मानेभोवती तीनशे वर्षांच्या काजळीचं काळं पूट आहे, ते एका बाजूला नखाएवढं फुटलं होतं. आत ताज्या दगडाची रेघ होती. डोकं थोडं फिरल्याशिवाय ती रेघ उघडी पडणं शक्य नव्हतं.

कारण सापडायला मला वेळ लागला नाही. जुन्या पुतळ्यांच्या मानेत लोखंडी सळई असते. ती गंजते, फुगते आणि दगड ढकलते. मी वहीत लिहिलं: 'सळई तपासणे'. खाली उतरले. अर्ध्या शिडीवर असताना वाटलं, वर कुणीतरी वाळूवर पाय घासला. कबुतर असेल.

५

नोव्हेंबरात सगळ्या पुतळ्यांवर लाकडी खोके चढतात, म्हणजे दगडात पाणी गोठत नाही. हे काम आल्विनचं, राजवाड्याचा जुना सुतार. प्रत्येक पुतळ्याचं खोकं मापाचं आणि नंबर घातलेलं. ड्यूकच्या खोक्यात तर त्याच्या नाकासाठी आडव्या फळीला खाच आहे.

"ए वाल्ली, हे बसत का नाही? खोकं आकसलं की म्हातारा फुगला?"

"नीट धर. उलटं घातलंस."

"तीस वर्षं घालतोय, उलटं घालीन? बघ, नाक खाचेत येतच नाहीये. इकडे येतंय." त्याने चार बोटं आडवी धरून दाखवली. "मान मोडून कुठे पाहतोय हा?"

मी खोक्याच्या आत डोकं घातलं. खालची शिल्पकला खिडकीकडे पाहत होती. ड्यूकची नजरही खिडकीकडे सरकत होती. आपली आवडती बाई दुसरीकडे पाहते आहे म्हटल्यावर, ती कुणाकडे पाहते हे बघायला नवरा मान वळवतो, अगदी तशी त्याची मान वळली होती.

"फळी तास," मी आल्विनला म्हणाले. "दुसरं काय करणार?"

त्याने फळी तासली. मी मास्टरांना सळईचं सांगितलं. ते म्हणाले, वसंतात बघू.

खिडकीजवळच्या टेबलावर आता मी बसत होते. टाबेआ माझ्या शेजारी, बागेतल्या दगडी कुंड्या साफ करत. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मला वाटलं, अखेर त्याने बघितलं. इतकी वर्षं मी त्याच्या छातीवर टकटक केली, आता त्याला कळलं, कोण आहे ते.

६

डिसेंबरात टाबेआची बोटं पांढरी पडायला लागली.

हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी वर्षानुवर्षं हातात धरली की हे होतं. आमच्या धंद्यात नवीन नाही. थंडीत बोटं मेणासारखी होतात, बधिर पडतात. पण ते होतं वीस-पंचवीस वर्षांनी. आणि ती तर तेव्हा फक्त ब्रशने कुंड्या घासत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हातमोजे घाला म्हणतात." ती हसली आणि उजवा हात काखेत दाबला. "गंमत म्हणजे या टेबलापाशी बसले की जास्त होतं. तुम्हाला खिडकीतून वारा लागत नाही?"

मला लागत नव्हता. माझी बोटं गरम होती. मी छिन्नी सव्वीस वर्षं धरली, एकदाही बोट पांढरं झालं नाही.

महिन्यातून एकदा खोक्यांच्या आतली ओल पाहायची असते. त्यासाठी प्रत्येक खोक्याला पुतळ्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर एक झडप असते. ड्यूकची झडप कार्यशाळेच्या बाजूला आहे. तिच्यातून नेहमी त्याच्या टोपाच्या बटा आणि एक कान दिसतो, सव्वीस वर्षं दिसत आलाय. जानेवारीत एका दुपारी मी शिडी लावली, झडप उघडली आणि ओल मोजायची पट्टी आत सरकवली. ती कशाला तरी अडली.

आत अंधूक उजेड होता. पट्टीच्या टोकाला ओठ होते. दगडाचे, थोडे उघडे. मला नीट आठवतं, मूळ पुतळ्याचे ओठ मिटलेले आहेत. किंवा आठवतं असं मला वाटतं. शिल्पकलेचे ओठ तरी मला कुठे आठवले होते?

मी झडप लावली. पट्टी आतच पडली. शिडीवर उभ्या उभ्याच मी, कबूल करते, केस नीट केले. तो झडपेकडे तोंड करून होता. म्हणजे खिडकीकडे. म्हणजे माझ्याकडे.

त्यानंतर दिवसाउजेडी कधीकधी बाहेरून आवाज यायचा, पाट्यावर वरवंटा एकदाच ओढावा तसा. मास्टर म्हणायचे, खोक्यांची लाकडं तडकतात. मी म्हणायची, हो. आणि पाठ जरा ताठ करून बसायची.

७

फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाबेआने राजीनामा दिला.

"बाम्बेर्गला मैत्रिणीची कार्यशाळा आहे. लहानसहान कामं असतात." ती हत्यारं कापडात गुंडाळत होती, डाव्या हाताने. "फ्राउ श्टोयर, एक विचारू? तुमचा अनुभव मोठा आहे. मी कुठे चुकले? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. हात परत चालला तरी चेहऱ्याला हात लावायची हिंमत होणार नाही मला."

सांगायची वेळ होती ती. माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मास्टर आत आले आणि त्यांनी तिला मिठी मारली. बापाने मुलीला मारावी तशी. त्यांचे डोळे ओले होते.

"दगड असतोच लहरी," मी म्हणाले.

ती लिंडनच्या झाडांच्या रस्त्याने स्टेशनकडे गेली. तो रस्ता अंगणाच्या दुसऱ्या बाजूने, उत्तरेकडे जातो.

तीन दिवसांनी मी पट्टी काढायला झडप उघडली. आत टोपाच्या बटा होत्या. पण कान नव्हता. मला सरळ त्याची पाठमोरी मान दिसत होती, आणि तिच्यावर ताज्या दगडाची बोटभर रुंद पिवळट रेघ.

सुटले, असं वाटायला हवं होतं. गंजाने दगड एकीकडे ढकलला जाईल, पण तो परत उलटा फिरणार नाही, हे समजण्याइतकी अक्कल मला आहे. तरी त्या क्षणी मला गंजाचं काही सुचलं नाही. कुणीतरी तोंडावर दार आपटावं तसा अपमान झाला माझा.

८

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी खोके निघाले. मी घडवलेलं नवं डोकं तयार होतं. मास्टरांनी ते कापड बाजूला करून पाहिलं, भोवती फिरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाल्ली, हे तुझ्यात होतं आणि मी पाहिलं नाही. चुकलो मी." हे वाक्य ऐकायला मी सव्वीस वर्षं थांबले होते. ऐकलं, आणि नजर त्यांच्या खांद्यावरून बाहेर गेली.

ड्यूक उत्तरेकडे पाहत होता. सगळ्या गावाला दिसेल इतका वळून. लिंडनच्या रस्त्याकडे, स्टेशनकडे.

आल्विनने टोपी काढली आणि परत घातली. मास्टरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "भोवती जाळी लावा. काम चालू आहे असा बोर्ड लावा. पाया खचला असेल."

"पाया खचला तर पुतळा कलतो, मास्टर. मान फिरत नाही."

"मग तू सांग काय झालं ते!" ते एकदम ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

दुपारी आम्ही टाबेआचं डोकं उतरवून माझं चढवलं. ते बरोबर बसलं, केसाचाही फरक नाही. माझी शिल्पकला मान वर करून मोठ्या भक्तीने त्याच्याकडे पाहते, आणि त्याचा फक्त कान तिच्या वाट्याला येतो.

९

काल दुपारी टाबेआचा फोन आला. तिला आता मी 'तू' म्हणते. ती गेल्यावर मीच पत्रातून सुचवलं, तेवढंच सुचवण्याचं धैर्य मला झालं.

"नवं डोकं फार छान झालंय म्हणे. मास्टरांनी कळवलं."

"ठीक झालंय. हात कसा आहे?"

"मधे बरा होता गं. सोमवारपासून परत. आता कोपरापर्यंत पांढरा झालाय. टोचलं तरी कळत नाही, टकटक केलं तर..." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "डॉक्टरांनाही कळत नाहीये. वाल्बुर्गा, मला वेडी म्हणू नकोस. त्या डोक्याशीच याचं काहीतरी आहे. माझी चूक काय झाली ते एकदा कळलं ना, तर सुटेन असं वाटतं. तुला खरंच काही आठवत नाही?"

टाबेआचं डोकं माझ्यासमोर टेबलावर होतं. त्याच्या तळाला बुजवलेलं भोक आहे, नखाने उकरलं तर दिसेल. चूक तिची नव्हती हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने तिचा हात सुटला असता की नाही, ते मला माहीत नाही. पण सुटला असता असं मला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं, हे लपवत नाही.

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाही. तेच तर. कुणीतरी हात हातात घेऊन बसल्यासारखं वाटतं. फार जपून धरलेला. सोडायचाच नाही असा."

मी फोन धरलेल्या बोटांकडे पाहिलं, ती नेहमीसारखी गरम होती. दया यायला हवी होती, आला हेवा.

"मला काही आठवत नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी जाळीच्या आत गेले, परांचीवर चढले, आणि ड्यूकच्या चेहऱ्यासमोर, त्याच्या आणि त्या रस्त्याच्या मधे, उभी राहिले. खाली मास्टर हाका मारत होते. मी उजवा हात पुढे केला, त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला आणि ऊन उतरेपर्यंत तसाच ठेवला. एक बोटसुद्धा पांढरं झालं नाही.

तो माझ्या बोटांमधून पलीकडे पाहत राहिला.